हवालदार बैलाची रजा

बैलाला ॲक्टिंग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी टिकारामचा हवालदार पाहिलेला नाही. गौळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, कपाळ रुंद, आणि चेहऱ्यावर असा भाव की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो ट्रॅक्टर थांबवायचा, म्हणून टिकारामनं त्याचं नाव हवालदार ठेवलं. माझ्या मालिकेत तो मुख्याध्यापक होता. आयुष्यात मी जेवढे मुख्याध्यापक पाहिले त्यांत हाच सगळ्यात कमी बोलायचा आणि ह्याचंच सगळ्यात जास्त ऐकलं जायचं.

माझी मालिका. हे दोन शब्द लिहिताना मला अजून जरा इकडंतिकडं बघून घ्यावंसं वाटतं.

आमच्या नणंदेचा मुलगा प्रफुल नागपूरला एका चॅनेलमध्ये आहे. चॅनेल इतकं लहान की आमच्या सेलूत ते लावायचं तर केबलवाल्याला आधी नाव सांगावं लागतं आणि मग असं चॅनेल आहे हे पटवून द्यावं लागतं. हा प्रफुल एकदा घरी आला आणि पोहे खाता खाता माझ्या गोष्टी वाचत बसला. पोरांसाठी मी गोठ्यातल्या शाळेच्या गोष्टी लिहिल्या होत्या. पोहे गार झाले तरी त्याचं वाचणं थांबेना, तेव्हाच मला शंका आली.

"मामी, याची सिरियल करू," तो म्हणाला. "पण कार्टून नाई. कार्टून सगळेच दाखवून राह्यले. जिवंत जनावरं घेऊ. कॅमेरा माझा, जनावरं तुझी."

आमच्याकडं जनावर म्हणजे एक पाल होती, तीही स्वयंपाकघरात. पण मी हो म्हणाले.

हे पेपर खाली न करता म्हणाले, "बरं झालं. तेवढाच हिचा वेळ जाईल."

आता ह्या 'वेळ जाईल'बद्दल थोडं सांगायला हवं. आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. माणूस सरळ, नेमस्त. आवाज चढवणार नाही, पाण्याचा ग्लास घेतला तिथंच ठेवणार. पण माझ्या लिहिण्याला त्यांच्या डोक्यात फाईलच उघडलेली नव्हती. पाहुण्यांनी 'वहिनी काय करतात?' विचारलं की म्हणायचे, "घरीच असते. थोडं लिहिते-बिहिते." त्यातलं 'लिहिते' मला चालायचं, 'बिहिते' खुपायचं. दुपारी जेवणं आटोपून मी टेबलाशी बसले आणि गोष्टीतल्या कोकराचा जीव नेमका टांगणीला लागला, की पेपरामागून आवाज यायचा, "काम नसेल तर चहा ठेवतेस का?" हे त्यांनी कधी वाईट मनानं म्हटलं नाही, म्हणूनच त्यावर भांडताही आलं नाही. मी चहा ठेवायचे आणि उजवा खांदा चोळत पुन्हा येऊन बसायचे. लिहून लिहून तो खांदा धरला होता. डॉक्टर म्हणाले, जड काम करू नका. हे म्हणाले, ही कुठं जड काम करते?

असो. मालिका.

आमच्या घराची मागची भिंत जिथं संपते तिथून टिकारामचं वावर सुरू होतं. त्यामुळं हवालदार मिळाला, हवालदाराच्या जोडीचा जमादार मिळाला, आणि टिकारामची बायको शकुबाई हिची बकरी चंचल मिळाली. ती वर्गातली द्वाड विद्यार्थिनी. शिपायाच्या भूमिकेसाठी कुत्रा हवा होता. तो शेजारच्या मधुकररावांनी स्वतःहून आणून दिला. ब्रूनो त्याचं नाव. तो गादीवर झोपतो आणि कोंबडी दिसली की मधुकररावांच्या दोन पायांमधून जग बघतो.

"मले आधी विचारलं असतं तं मी सांगितलं असतं," मधुकरराव म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. काय सांगितलं असतं ते मात्र इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

मग कळलं की कॅमेऱ्यासमोर जनावर उभं करायचं तर परवानगी लागते. माणूस उभा करायला लागत नाही, जनावराला लागते, आणि मधुकररावांचा पुढचा अनुभव बघता हा कायदा उलटा असायला हवा होता असं माझं मत आहे. आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हवालदार आहेत? मग त्यांना आधी त्यांच्या खात्याची परवानगी आणावी लागेल. सरकारी नोकराला असं परस्पर काम करता येत नाही."

मी म्हटलं, "साहेब, तो बैल आहे."

ते म्हणाले, "मॅडम, कोणाबद्दल असं बोलू नये."

फोटो दाखवला तेव्हा पटलं. फोटोकडं बघून ते खुर्चीत जरा सावरूनही बसले. हवालदाराचा प्रभाव फोटोतूनही पडतो.

पुढं जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांनी बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले आणि टिकारामला विचारलं, "काय काम करतो?"

"सकाळी वखर, दुपारून ॲक्टिंग," टिकाराम म्हणाला. तेव्हापासून तो कोणीही विचारलं तरी हेच सांगायचा, आणि न विचारलं तरी.

शूटिंग सुरू झालं. पहिली अडचण अशी निघाली की हवालदार एकटा चालतच नाही. तो जोडीतला डावा बैल. उजव्या अंगाला जमादार नसेल तर त्याला जगात काहीतरी कमी आहे असं वाटतं आणि तो ते शोधत उभा राहतो. मग उपाय असा की जमादारानं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून बरोबर चालायचं. त्यावर शकुबाई म्हणाली, "म्हंजे चालाचं दोघायनं आन् नाव एकाचंच? माह्या जमादाराचं नाव टाकजो हं खाली, भाऊ." प्रफुलनं कबूल केलं.

दुसरी अडचण ब्रूनोची. आवाज घ्यायच्या माइकला केसाळ टोपडं घालतात, वारा लागू नये म्हणून. लांब काठीवर टांगलेलं ते टोपडं पहिल्यांदा डोक्यावर आलं तेव्हा ब्रूनोची खात्री झाली की हे कुठलंतरी उडणारं जनावर आहे. कोंबडीला भिणारा कुत्रा एकदम शूर झाला. माइक दिसला की तो भुंकायचा, भुंकला की माइक हलवावा लागायचा, हलला की त्याला वाटायचं आपण जिंकलो.

तिसरी अडचण म्हणजे मधुकरराव. बैल आणण्याआधी उजेड बघायला बैलाच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. मधुकरराव म्हणाले, त्यात काय, मी राहतो. श्रावणातलं ऊन. डोळे मिटू नका, मान इकडं, मान तिकडं, थोडं पुढं, नाही मागं. थोड्या वेळानं त्यांना आमच्या ओसरीवर आडवं करून लिंबाचं सरबत द्यावं लागलं. मग हवालदार आला, त्याच जागेवर उभा राहिला आणि प्रफुलचं होईस्तोवर पापणी न हलवता उभा होता. टिकारामनं त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला उगाच भरून आलं. माझ्या कागदावरचा मुख्याध्यापक चार पायांवर श्वास घेत होता.

आमचे हे रोज वेळेवर येऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. पेपर उघडा, पण पान उलटायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाले, "ठीक आहे. तुझा वेळ छान चाललाय." मी दिवसभर खांदा चोळत राहिले.

चॅनेलनं सांगून ठेवलं होतं की गणेशचतुर्थीला पहिला भाग लागला पाहिजे. नाही तर त्या वेळेला कुठलंतरी परदेशी कार्टून लागेल आणि मग गोठ्यातली शाळा कायमची सुटली. सगळं चित्रण झालं होतं, फक्त शेवटचा प्रसंग बाकी. शाळेत गोंधळ माजलाय, दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहतात आणि सगळा वर्ग चिडीचूप होतो. कॅमेरावाल्याला आता एकच दिवस मोकळा होता, त्यानंतर गणपतीच्या मिरवणुकांचं बोलावणं होतं. म्हणून प्रफुलनं दिवस ठरवला पोळ्याचा.

"मामी, पोळ्याले बैल सजूनच राह्यते ना. झूल, बाशिंग, शिंगाले रंग. मेकअपचं टेन्शन खतम!"

तो नागपुरात वाढलेला, त्याचं एक समजू शकते. मी तर ह्याच मातीतली. पण मी पोळा ओळखते तो पुरणपोळीच्या बाजूनं. बैलाच्या बाजूनं तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, वा, छान कल्पना.

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी आणि प्रफुल टिकारामकडं सांगायला गेलो. हेही मागून आले आणि नेहमीसारखे पेपर घेऊन झाडाखाली बसले. तो हवालदाराला आंघोळ घालत होता. ऐकल्यावर त्यानं हातातला पाण्याचा गुंड खाली ठेवला.

"नाई जमत जी."

"काऊन?" प्रफुल म्हणाला.

"पोळ्याले बैल कामाले नाई लावत. वर्षातून एक दिवस राह्यते त्याचा. आज संध्याकाळी जेवाचं आवतन देनार मी त्याले. आवतन देल्यावर कामाले लावू का?"

"अरे पण टिकारामभाऊ, वखराले जुंपायचं कुठं हाय? नुसती ॲक्टिंग! दारात येऊन उभं राह्यचं."

"मंग? ॲक्टिंग काम नोहे का?" टिकाराम चिडला. "ॲक्टिंग करून आला का थो बसूनच घेते. वखर मारून इतका नाई थकत. सरकीची ढेप दुप्पट खाते. मी डाक्टरले बी कामच सांगतलं."

प्रफुलचा चेहरा उतरला. माझा आधीच उतरलेला होता. एवढ्यात भिंतीवरून मधुकरराव डोकावले आणि दार फिरून आत आले. सोबत ब्रूनो.

"मले आधी विचारलं असतं तं मी सांगितलं असतं," ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे ह्या वेळी त्यांनी सांगितलंही. "ॲक्टिंग हे काही काम नोहे. काम म्हंजे वजन उचलनं, नांगर वढनं. हे तं उभं राह्यनं हाय. उभं राह्याले काय लागते?"

शकुबाई चुलीपासून म्हणाली, "लिंबाचं सरबत लागते."

सगळे हसले. मधुकररावांनी ब्रूनोच्या पट्ट्यात लक्ष घातलं.

पण प्रश्न तसाच राहिला. ॲक्टिंग काम नसेल तर पोळ्याला चालेल. काम असेल तर नाही. टिकारामला माझं वाईट करायचं नव्हतं. तो म्हणाला, "मंदाबाई, तुमचं नुसकान करून मले काय भेटनार? कोनी समजदार मानसानं सांगाव का हे काम नोहे, मी आनतो बैल. आवतनाचं पाप त्याच्यावर." आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले. खुर्ची टाकून बसलेले आमचे हे. गावात कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं ह्यावर वाद झाला की निवाडा करायला हेडक्लार्क बरा पडतो.

ह्यांनी पेपराची घडी घातली.

मला उत्तर माहीत होतं. वर्षानुवर्षं तेच ऐकत आले होते. आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदाच मला ते उत्तर हवं होतं. म्हणा, मी मनात म्हटलं, म्हणा एकदाचं 'कुठं काम आहे, वेळ जातो तेवढाच'. माझी मालिका वाचेल. एवढ्या वेळा फुकट म्हणालात, आज उपयोगी पडेल.

हे बराच वेळ हवालदाराकडं बघत राहिले. हवालदार ह्यांच्याकडं. दोघंही न बोलणारे.

"मी खात्यात होतो," शेवटी ते म्हणाले, "तेव्हा सकाळी जाऊन खुर्चीवर बसायचो, संध्याकाळी उठायचो. कागद इकडचे तिकडे. त्याले सरकार काम म्हणे आणि पगार देई. मी पण कामच म्हणायचो. थकून येत होतो."

त्यांनी पेपराची घडी मांडीवर ठेवली.

"ही दुपारी टेबलाशी बसते. एक ओळ लिहिते, खोडते. पुन्हा लिहिते. खांदा धरते, पुन्हा लिहिते. मी पेपर वाचत असतो, पण मले दिसते ना ते. दिसत नाही असं नाही." ते माझ्याकडं बघत नव्हते, ब्रूनोकडं बघत होते. "आणि ह्या बैलानं इतके दिवस तिनं लिहिलेलं उन्हात उभं राहून करून दाखवलं. हे जर काम नसेल, तर मी खात्यात काय केलं, हे मले कोणीतरी सांगावं लागेल."

मग हेडक्लार्कच्या आवाजात म्हणाले, "लिहिणं काम आहे. ॲक्टिंग काम आहे. बैलाले उद्याची सुट्टी मंजूर."

टिकारामनं पाण्याचा गुंड उचलला आणि हवालदाराच्या पाठीवर पाणी ओतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. जे वाक्य ऐकायला मी अर्धं आयुष्य चहा ठेवत राहिले, ते ह्यांनी चारचौघांत म्हटलं आणि त्याच वाक्यात माझी मालिका बुडवली. वर्षभरात दुसरा कुठलाही दिवस चालला असता!

"मामी," प्रफुल हळूच म्हणाला, "कार्टून लागन आता."

मी शकुबाईच्या ओट्यावर बसले. रागात मला नेहमीच चांगलं सुचतं. प्रफुलकडून पेन घेतलं. खांदा कुरकुरला, त्याला म्हटलं गप्प बस, मीही कामावर आहे.

"चंचलला पोळा असतो का गं?" मी शकुबाईला विचारलं.

"बकरीले कायचा पोळा? थे तं जिथं खुर्ची दिसन तिथं चढाले टपून राह्यते."

बस्स. प्रसंग असा लिहिला. शाळेच्या दारावर पाटी : 'मुख्याध्यापक आज रजेवर आहेत, पोळा.' वर्गात आधी आनंद, मग गोंधळ, मग चंचल जाऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर चढते, आणि चढल्यावर तिला कळतं की आता सगळ्यांनी आपल्याकडंच बघायला सुरुवात केली आहे. ती तशीच, गंभीर, उभी राहते. हवालदारासारखी. वर्ग चिडीचूप.

प्रफुलनं वाचलं, पुन्हा वाचलं. "मामी, हे तं पह्यल्यापेक्षा भारी झालं! उद्या सकाळी लवकर येजो."

"ती नाही येत उद्या," हे म्हणाले.

"काऊन?"

"आत्ता काय ठरलं? काम करणाऱ्याले उद्या सुट्टी आहे."

दिवेलागणीला मी घरी भाजी निवडत बसले होते. हे टिकारामच्या गोठ्यातच रेंगाळले होते. तिथं खांदशेकणी चालली होती. जू वाहून वाहून बैलाचा खांदा भरून येतो. पळसाच्या पानानं त्यावर कोमट तूप आणि हळद लावतात आणि कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्यालाच आवतन म्हणतात. टिकाराम ते इतक्या मनापासून म्हणत होता की भिंतीपलीकडं मला ऐकू आलं.

मग मागचं दार वाजलं. हे आत आले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पळसाचं पान. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस चोरासारखा उभा होता.

"उरलं होतं," म्हणाले. "शकुबाई म्हणाली घेऊन जा."

"कशाला?"

त्यांनी खिडकी लावली. मधुकररावांची ओसरी तिकडंच आहे. मग माझ्या मागं येऊन त्यांनी ते पान माझ्या उजव्या खांद्यावर टेकवलं. तूप जरा जास्तच गरम होतं. मी खांदा हलवला नाही. साडीला हळद लागत होती, ती लागू दिली. भाजी निवडायची मात्र थांबवली.

बराच वेळ शेकून झाल्यावर ते खाकरले. खात्यात कोणाच्या निरोपसमारंभात दोन शब्द बोलायची वेळ आली की खाकरायचे, तसे.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

"आणि पुरण कोण शिजवणार?"

"त्याचं तू नको पाहू. तुले सुट्टी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला स्वयंपाकघराकडं फिरकू दिलं नाही. आतून भांडी पडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजानंतर "काही नाही, काही नाही" ऐकू येत होतं. दारापुढून हवालदार आणि जमादार झुली घालून गावच्या पोळ्याच्या तोरणाकडं गेले, माझ्या दारात थांबले नाहीत. सुट्टीवर होते, कामाची ओळख दाखवली नाही. दुपारी प्रफुलचा फोन आला. चंचल एका दमात खुर्चीवर चढली. ब्रूनो माइकवर भुंकला तो शाळेची घंटा म्हणून ठेवून दिला. "मामी, चतुर्थीले लागते आपली!" तो ओरडत होता.

मग पान वाढलं. पुरणपोळी जाडजूड, कडेला काळी. वेलची होती, जायफळ होतं, गूळ बहुधा राहून गेला होता. हे समोर बसून बघत होते. पेपर घरात कुठंच दिसत नव्हता.

"कसं झालंय?"

आवतन घेऊन आलेला ताटाला नावं ठेवत नाही. मी हवालदाराला आठवलं, डोळे शांत ठेवले आणि मान हलवली. गळ्यात घुंगरमाळ नव्हती, नाही तर वाजली असती.

"आणखी एक वाढा," मी म्हटलं.